सोसायटीतील अनेक कॅमेऱ्यांची दृश्ये एकत्र कशी जुळवावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या उंच संकुलांपासून वाशी-नेरुळमधील सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींपर्यंत निरनिराळ्या सोसायट्यांच्या कार्यकारिणी सदस्यांनी कॅमेऱ्यांबद्दल पाठवलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कोणता कॅमेरा घ्यावा, असे बहुतेक जण विचारतात. पण एखादी घटना घडल्यावर फुटेज तपासायला बसले की एका कॅमेऱ्यातून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्यात कुठे आणि केव्हा शिरला, हेच सापडत नाही. हे पान त्या जुळणीविषयी आहे.

१. आमचे १६ कॅमेरे वॉचमनच्या केबिनमधील एकाच टीव्हीवर दिसतात. म्हणजे दृश्ये एकत्र झालीच ना?

एका जागी दिसू लागली, एवढेच त्यातून साधले. दृश्ये एकत्र करण्याचे तीन वेगवेगळे अर्थ आहेत आणि दुकानदार तिन्हींसाठी एकच शब्द वापरतात. पहिल्या प्रकारात दृश्ये चौकटींमध्ये शेजारी-शेजारी मांडली जातात. दुसऱ्या प्रकारात सर्व कॅमेऱ्यांची वेळ आणि जागा एकमेकांशी बांधली जाते, त्यामुळे एखादा क्षण निवडला की त्या क्षणी प्रत्येक कॅमेऱ्यासमोर काय होते ते सलग पाहता येते. तिसऱ्या प्रकारात दोन किंवा अधिक कॅमेऱ्यांची चित्रे शिवून एकच रुंद चित्र तयार केले जाते. माझ्या अनुभवात सोसायटीला खरी गरज दुसऱ्या प्रकाराची असते. खर्चही त्यातच सर्वांत कमी येतो, आणि तरीही दुर्लक्ष नेमके त्याच्याकडेच होते.

२. एका पडद्यावर किती चौकटी ठेवाव्यात?

हे साध्या गुणाकार-भागाकाराने ठरवता येते. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे पिक्सेल, असतात. चार चौकटी केल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ९६० × ५४० पिक्सेल येतात, नऊ केल्या तर ६४० × ३६० आणि सोळा केल्या तर ४८० × २७०.

हे आकडे किती कमी आहेत, ते मापाशी ताडून पाहिल्यावर कळते. निगराणी कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६ या आंतरराष्ट्रीय मानक-मालिकेच्या चौथ्या भागाच्या २०१४ च्या आवृत्तीत एका मीटर रुंदीत किती पिक्सेल पडतात त्यावरून पायऱ्या दिल्या आहेत; त्यांतल्या चार अशा : कोणीतरी आहे एवढे समजण्यासाठी २५, हालचाल व पेहराव पाहण्यासाठी सुमारे ६२, परिचित माणूस ओळखू येण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी २५०. तुमच्या गेटचा कॅमेरा ७.६८ मीटर रुंदीचा भाग दाखवत असेल, तर १९२० पिक्सेलमध्ये मीटरमागे बरोबर २५० पिक्सेल मिळतात. पण तेच दृश्य सोळाच्या मांडणीत आले की मीटरमागे साडेबासष्टच उरतात. रेकॉर्डिंगमध्ये चेहरा असतो, परंतु पडद्याकडे पाहणाऱ्या वॉचमनला तो दिसत नाही. त्यामुळे सतत पाहण्यासाठी चार ते सहा महत्त्वाच्या चौकटी ठेवाव्यात, बाकीचे कॅमेरे दुसऱ्या पडद्यावर किंवा आळीपाळीने येणाऱ्या पानांवर द्यावेत, आणि गेट मात्र त्या आळीपाळीत कधीही टाकू नये.

३. चौकटीत चित्र धूसर दिसते आणि तीच चौकट मोठी केली की स्वच्छ होते. कॅमेऱ्यात बिघाड आहे का?

नाही. बहुतेक आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणारे कॅमेरे, एकाच वेळी दोन प्रवाह पाठवतात : पूर्ण दर्जाची मेन स्ट्रीम आणि हलकी सब-स्ट्रीम. रेकॉर्डरला सोळा मेन स्ट्रीम एकाच वेळी उलगडून दाखवणे झेपत नाही, म्हणून तो चौकटींसाठी सब-स्ट्रीम वापरतो आणि चौकट मोठी केल्यावर मेन स्ट्रीमवर जातो. रेकॉर्डिंग मेन स्ट्रीमचेच होत आहे ना, हे मात्र सेटिंगमध्ये स्वतः पाहून खात्री करून घ्यावी. जागा वाचवण्यासाठी कोणीतरी ते सब-स्ट्रीमवर ठेवलेले मी दोन-तीन ठिकाणी पाहिले आहे, आणि अशा वेळी मागाहून काहीही करता येत नाही.

४. चौकटींचा क्रम कसा लावावा? आमच्याकडे कॅमेरे बसवले त्या क्रमाने १ ते १६ आहेत.

ज्या क्रमाने वायरमनने केबल ओढल्या, तो क्रम पाहणाऱ्याच्या काहीही कामाचा नसतो. माणूस ज्या वाटेने चालतो त्या वाटेने चौकटी लावाव्यात. एका कागदावर आवाराचा ढोबळ नकाशा काढा, मुख्य गेटपासून प्रत्येक विंगच्या लिफ्टपर्यंत आणि पार्किंगपासून बाहेरच्या गेटपर्यंत प्रत्यक्ष चालत जा आणि वाटेत कोणता कॅमेरा कोणत्या क्षणी आपल्याला पकडतो ते लिहून ठेवा. हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे, पण कोणत्या दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये आंधळी जागा उरते, हे त्यातच कळते. जिन्याखालची मोकळी जागा, मीटररूमचा बोळ आणि पोडियमवरून पार्किंगकडे उतरणारा उतार या तीन जागा बहुतेक नकाशांत रिकाम्या निघतात.

दिशेचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे. एका चौकटीच्या उजव्या कडेने बाहेर पडलेला माणूस शेजारच्या चौकटीत डाव्या कडेने आत आला, तर डोळा त्याला विनासायास धरून ठेवतो. तो पुन्हा उजवीकडूनच आत आला, तर पाहणारा क्षणभर गोंधळतो आणि गर्दीच्या वेळी तेवढ्यात माणूस निसटतो. शक्य असेल तेथे सलग कॅमेरे वाटेच्या एकाच बाजूला बसवावेत. ते शक्य नसेल तर निदान चौकटींची जागा बदलून दिशा जुळवावी. चित्र आरशासारखे उलटवणारे सेटिंग यासाठी वापरू नये, कारण त्यामुळे वाहनांचे क्रमांकही उलटे नोंदले जातात.

कॅमेऱ्याचे नावही ‘कॅमेरा ०७’ असे न ठेवता ‘बी विंग लॉबी – लिफ्टकडे’ असे जागा आणि रोख सांगणारे असावे. नवा वॉचमन पहिल्याच रात्री ते वाचू शकतो.

५. दोन कॅमेऱ्यांच्या वेळेत काही मिनिटांचा फरक आहे. एवढ्याने काय बिघडते?

सगळेच बिघडते. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका सोसायटीतून मध्यरात्री दुचाकी चोरीला गेली, तेव्हा फुटेज पाहायला मी बसलो होतो. पार्किंगच्या कॅमेऱ्यात गाडी २ वाजून १४ मिनिटांनी हलताना दिसत होती आणि गेटच्या कॅमेऱ्यात तशीच गाडी २ वाजून ९ मिनिटांनी बाहेर पडत होती. जागची हलण्याआधीच गाडी गेटबाहेर कशी जाईल, असा विचार करून आम्ही गेटवरची गाडी दुसऱ्याच कोणाची तरी असेल असे ठरवले आणि मागच्या गेटचे फुटेज चाळण्यात बराच वेळ घालवला. शेवटी लक्षात आले की पार्किंग आणि गेट वेगवेगळ्या रेकॉर्डरवर होते आणि त्यांच्या घड्याळांत सुमारे सहा मिनिटांचा फरक होता.

उपाय असा आहे की सर्व रेकॉर्डर आणि कॅमेरे एकाच स्रोताकडून वेळ घेतील, यासाठी एनटीपी ही सोय चालू करावी. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत राखली जाते आणि तिचा वेळ-सर्व्हर इंटरनेटवर उपलब्ध आहे. कॅमेऱ्यांना इंटरनेट द्यायचे नसेल (आणि देऊ नये, असेच माझे मत आहे), तर एका रेकॉर्डरला बाहेरून वेळ घेऊ द्यावी आणि बाकी सर्वांना त्याच्याकडून. वेळेचा पट्टा (टाइम झोन) अधिक साडेपाच तास आहे ना, हेही पाहावे. कारखान्यातून आलेला अधिक आठचा पट्टा तसाच राहिला, तर नोंदी अडीच तास पुढच्या होतात. वीज गेल्यानंतर प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जात असेल, तर रेकॉर्डरमधील नाण्याएवढी बॅटरी संपली आहे असे समजावे.

घटना घडून गेल्यानंतर फरक लक्षात आला, तर घाईने घड्याळ सुरळीत करू नका. आधी फोनवरचे सेकंद दाखवणारे घड्याळ प्रत्येक कॅमेऱ्यासमोर धरा, फरक किती आहे तो तारखेसह लिहून ठेवा, आणि मगच दुरुस्ती करा. जुन्या फुटेजचा अर्थ लावण्यासाठी तोच कागद उपयोगी पडतो.

६. जुने डीव्हीआरवरचे कॅमेरे आणि नवे आयपी कॅमेरे एकाच पडद्यावर आणता येतील का?

येतील. हायब्रिड रेकॉर्डर कोॲक्सियल केबलवरचे जुने कॅमेरे आणि नेटवर्कवरचे नवे कॅमेरे दोन्ही घेतो. जुना डीव्हीआर चांगला असेल तर तो तसाच ठेवून संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये दोघांना जोडता येते. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलावीत यासाठी २००८ मध्ये ऑनव्हिफ हा मंच स्थापन झाला. मात्र केवळ ‘ऑनव्हिफ चालते’ एवढ्या आश्वासनावर खरेदी करू नये. कोणते प्रोफाइल, हे विचारावे. प्रोफाइल एस मध्ये मूलभूत दृश्यप्रवाह येतो, टी मध्ये एच.२६५ सारख्या नव्या संकोचन-पद्धती येतात आणि जी रेकॉर्डिंगसंबंधी आहे. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याचे चित्र आले तरी त्याच्या हालचालीच्या सूचना येतीलच असे नाही. विक्रेत्याकडून हे प्रत्यक्ष चालवून दाखवून घ्यावे.

७. आमच्या चार विंगांत चार स्वतंत्र रेकॉर्डर आहेत. सगळे गेटच्या केबिनमध्ये कसे आणावेत?

सर्व रेकॉर्डर एका नेटवर्कवर आणून केबिनमधील संगणकावर एकच सॉफ्टवेअर चालवणे, हा सरळ मार्ग आहे. नेहमीची तांब्याची लॅन केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते, आणि मोठ्या संकुलात ए विंग ते गेट हे अंतर केबलच्या वळणांसह सहज त्याहून जास्त भरते.

अंतर कमी असले तरी दोन इमारतींच्या मध्ये तांबे टाकू नये, असे मी आग्रहाने सांगतो. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला येऊरच्या डोंगराकडून विजांचा कडकडाट करीत येणारा पाऊस ठाणेकरांना नवा नाही. अशा वेळी इमारतींमधील तांब्याच्या तारेतून येणारा विजेचा झटका स्विच, रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यांची पोर्ट एकाच फटक्यात जाळू शकतो. त्याऐवजी फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल टाकावी. ती वीज वाहून नेत नाही, शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमधील फरकामुळे कोॲक्सियलवर चित्रात उमटणारे आडवे पट्टेही त्यामुळे उरत नाहीत.

क्षमतेचा हिशेबही आधीच करावा. प्रति सेकंद ४ मेगाबिटचे १६ कॅमेरे ६४ मेगाबिट घेतात आणि १०० मेगाबिटच्या जोडणीत मावतात. ३२ कॅमेरे १२८ घेतात आणि मावत नाहीत. मुख्य दुवा गिगाबिटचाच असावा.

८. पार्किंगमधील दोन कॅमेऱ्यांची चित्रे जोडून एकच अखंड रुंद चित्र करता येते का?

करता येते, पण ती जोड कशी लावली जाते हे समजून घेतल्याशिवाय त्यावर पैसे खर्च करू नयेत. दोन्ही कॅमेऱ्यांना काही भाग सामाईक दिसावा लागतो. साधारणपणे चित्राचा पाचवा ते तिसरा हिस्सा एकमेकांवर आलेला असावा. सॉफ्टवेअर त्या सामाईक भागातील ठळक खुणा, म्हणजे खांबांचे कोपरे, पार्किंगच्या पांढऱ्या रेघा, दाराच्या चौकटी, दोन्ही चित्रांत शोधते आणि त्यांच्या आधारे एक चित्र ताणून, वाकवून दुसऱ्यावर बसवते. किमान चार खुणा जुळल्या, आणि त्यांतल्या कोणत्याही तीन एका रेषेत नसल्या, की हे गणित सुटते.

मेख अशी की हे गणित एका सपाट पृष्ठभागापुरतेच अचूक असते. पार्किंगची जमीन जुळवली तर जमीन छान जुळते. पण त्या जमिनीवर उभा असलेला माणूस सपाट नसतो. एक डोळा मिटून बोट समोर धरा आणि मग दुसरा डोळा मिटा : बोट मागच्या भिंतीवर सरकलेले दिसते. दोन कॅमेऱ्यांमध्येही हेच घडते. कॅमेरे एकमेकांपासून जितके दूर आणि माणूस त्यांच्या जितका जवळ, तितका हा सरक वाढतो, आणि शिवणीवर आलेला माणूस दोनदा दिसतो, अर्धा कापला जातो किंवा काही पावले गायबही होतो.

त्यामुळे अलग-अलग खांबांवरचे कॅमेरे शिवण्यापेक्षा एकाच कवचात तीन-चार भिंगे शेजारी बसवलेला १८० अंशांचा कॅमेरा घ्यावा. भिंगे जवळजवळ असल्याने सरक फारच कमी राहतो आणि जोडणी कारखान्यातच केलेली असते. आपल्याकडे आधीच दोन स्वतंत्र कॅमेरे असतील, तर चित्र न शिवता चौकटी योग्य क्रमाने शेजारी लावाव्यात (प्रश्न ४ पाहा). सोसायटीच्या कामाला ते पुरते.

९. मग छताला एकच फिश-आय कॅमेरा लावला तर दोन-चार कॅमेऱ्यांचे काम होईल का?

लॉबीसारख्या लहान जागेत होईल. फिश-आय सगळीकडे पाहतो, पण पिक्सेल तेवढेच असतात आणि ते संपूर्ण वर्तुळात वाटले जातात. कडेकडे जाताना मीटरमागे मिळणारे पिक्सेल झपाट्याने कमी होतात. प्रश्न २ मधील २५० चे माप दारापाशी मिळत नसेल, तर दारासाठी वेगळा कॅमेरा हवाच. माणसे कुठून कुठे गेली हे फिश-आय उत्तम सांगतो. ती कोण होती हे बहुधा सांगत नाही.

१०. दृश्ये एकत्र केल्याने हार्डडिस्क जास्त लागते का?

चौकटी मांडल्याने लागत नाही, कारण ती केवळ दाखवण्याची पद्धत आहे. शिवलेले चित्र वेगळे रेकॉर्ड केले, तर त्याची जागा मूळ चित्रांच्या वर मोजावी लागते. मूळ हिशेब असा : प्रति सेकंद २ मेगाबिटचा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी घेतो, असे १६ कॅमेरे ३४५.६ जीबी, आणि ३० दिवसांसाठी सुमारे १०.४ टीबी. ८ टीबीच्या डिस्कवर हेच फुटेज जेमतेम २३ दिवस टिकते. महिनाभराचे रेकॉर्डिंग आहे असे सभेत सांगण्यापूर्वी सर्वांत जुने फुटेज कोणत्या तारखेचे आहे, ते प्रत्येक कॅमेऱ्यावर उघडून पाहावे.

११. मोबाइलवर सगळे कॅमेरे एकदम लावले की चित्र अडकते.

येथे सोसायटीच्या इंटरनेटचा अपलोड वेग कमी पडतो. तुमच्या फोनचा डाउनलोड वेग कितीही असला तरी उपयोग होत नाही. मोबाइलसाठी सब-स्ट्रीम निवडा आणि एका वेळी चारच चौकटी उघडा.

१२. संध्याकाळी आणि पावसात शेजारशेजारच्या कॅमेऱ्यांची चित्रे वेगळ्याच जागेची वाटतात. असे का होते?

संध्याकाळी प्रत्येक कॅमेरा आपल्या समोरचा प्रकाश मोजून रंगीतवरून कृष्णधवलवर जातो. एकाच वाटेवरचा पहिला कॅमेरा कृष्णधवल झालेला आणि दुसरा अजून रंगीत, अशी पंधरा-वीस मिनिटे जातात, आणि त्या वेळात लाल शर्टवरून माणूस शोधता येत नाही. एका वाटेवरच्या कॅमेऱ्यांचा हा बदल वेळापत्रकाने एकदमच होईल असे ठेवावे. त्याहून चांगले म्हणजे त्या वाटेवर पुरेसे दिवे लावून चित्र रात्रभर रंगीत राहू द्यावे.

पावसाळ्यात भिंगाजवळून जाणारे थेंब कॅमेऱ्याच्या स्वतःच्याच अवरक्त प्रकाशात पांढरे चमकतात आणि हालचालीच्या सूचना सगळ्या चौकटींत एकदम वाजू लागतात. हालचालीऐवजी माणूस किंवा वाहन ओळखून सूचना देणारी सोय असेल तर ती वापरावी. समोरासमोर बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांचे अवरक्त दिवे एकमेकांना दिपवत असतील, तर त्यांची तोंडे किंचित तिरकी करावीत. आणि ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील, तर कॅमेरा ६० हर्ट्झवर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने तो ५० वर आणावा.

१३. चार कॅमेरे एकदम मागे नेऊन पाहताना एक पुढे आणि एक मागे का धावतो? घड्याळे तर जुळलेली आहेत.

हा प्रश्न बारकाईने पाहणारेच विचारतात. संकोचित चित्रफितीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र असते आणि मधल्या चित्रांत केवळ बदल नोंदलेले असतात. तुम्ही एखाद्या सेकंदावर उडी मारता तेव्हा अनेक प्लेअर जवळच्या पूर्ण चित्रापासून सुरुवात करतात. एका कॅमेऱ्यात हे अंतर एक सेकंदाचे आणि दुसऱ्यात आठ सेकंदांचे असेल, तर दोघे वेगवेगळ्या जागी सुरू होतात. जागा वाचवणाऱ्या ‘स्मार्ट’ संकोचनात हे अंतर आपोआप वाढते. एका वाटेवरच्या कॅमेऱ्यांना एकच अंतर द्यावे, दोन सेकंदांच्या आसपासचे, आणि ती स्मार्ट सोय त्यांच्यापुरती बंद ठेवावी.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. आयपी कॅमेरा चित्रावर जी वेळ छापतो ती त्याच्या स्वतःच्या घड्याळाची असते आणि प्लेअरच्या पट्टीवर दिसते ती रेकॉर्डरची असते. दोन्ही वेगळ्या दिसल्या, तर प्रश्न ५ मधील काम अर्धवट राहिले आहे.

१४. सॉफ्टवेअर एका कॅमेऱ्यातील माणूस दुसऱ्या कॅमेऱ्यात आपोआप शोधून देते, असे विक्रेता सांगतो. विश्वास ठेवावा का?

मर्यादित प्रमाणात. अशी सॉफ्टवेअर चेहऱ्यापेक्षा कपड्यांचा रंग, अंगकाठी आणि सोबतची पिशवी यांवर अधिक विसंबतात. दिवसभरात एकाच रंगाचा टी-शर्ट घातलेली डिलिव्हरीची मुले किती येतात आणि जुलैत किती जण काळा रेनकोट घालून फिरतात, हे डोळ्यांसमोर आणा. सॉफ्टवेअरने दाखवलेली जुळणी तपासाला दिशा देते. तो पुरावा नव्हे. केवळ त्या जुळणीवरून कोणा घरकाम करणाऱ्या बाईंकडे किंवा डिलिव्हरीच्या मुलाकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे, आणि हे कार्यकारिणीने सभेत स्पष्टपणे नोंदवून ठेवावे.

१५. पोलिसांना चार कॅमेऱ्यांची एकत्र केलेली चित्रफीत द्यावी की वेगवेगळ्या?

वेगवेगळ्या, मूळ स्वरूपात. चौकटींची एकत्र चित्रफीत समजावून सांगण्यासाठी सोबत द्यावी, पण तिच्यात प्रत्येक दृश्याचा दर्जा उतरलेला असतो (प्रश्न २) आणि ती मूळ नोंद राहत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग असतात, एक नोंद देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावे लागते. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी हॅश बदलतो, म्हणून कापलेली किंवा जोडलेली चित्रफीत लगेच उघडी पडते. अशा प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात, तेव्हाच्या कायद्याखाली, अधोरेखित केली होती. तेथे उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर स्वीकारले गेले का हा वाद होता आणि अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या आत व बाहेर झालेले व्हिडिओ चित्रण समोर आले होते. वेळेचाच वाद असला की कॅमेऱ्याचे घड्याळ साक्षीदार होते; त्यामुळे घड्याळांतील फरकाचा कागद (प्रश्न ५) फुटेजसोबत अवश्य द्यावा.

१६. एका कॅमेऱ्यात समोरच्या फ्लॅटची खिडकी येत होती, ती आम्ही काळी केली. तरीही तक्रार आली. का?

कारण तीच खिडकी शेजारच्या कॅमेऱ्यातही येत असणार. दृश्ये एकमेकांवर येतात तेथे खिडकी झाकण्याचा पट्टा प्रत्येक कॅमेऱ्यावर स्वतंत्रपणे ठेवावा लागतो, आणि तो कॅमेऱ्यातच ठेवावा. केवळ पडद्यावर झाकले तर रेकॉर्डिंगमध्ये खिडकी तशीच राहते. फिरत्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तो कॅमेरा सर्व बाजूंना फिरवून आणि झूम करून पट्टा सोबत सरकतो का, ते तक्रारदार रहिवाशाला समोर बसवूनच दाखवावे.

१७. सगळे नीट जुळवले होते, पण इमारतीच्या रंगकामानंतर आंधळ्या जागा पुन्हा निर्माण झाल्या. आता सर्व नव्याने करावे लागेल का?

रंगाऱ्यांची परांची लागते तेव्हा कॅमेरे सैल केले जातात, पुन्हा अंदाजाने घट्ट केले जातात, आणि दोन-तीन अंशांचा फरकही लांबच्या टोकाला बराच भाग बाहेर टाकतो. शिवलेले चित्र असेल तर शिवण पुन्हा लावावी लागते, कारण तिचे गणित कॅमेऱ्याच्या मूळ रोखावर बांधलेले असते. चौकटींची मांडणी असेल तर कॅमेरे जागेवर आणले की पुरते. यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याचे दिवसाचे आणि रात्रीचे एकेक चित्र छापून, त्यावर कॅमेऱ्याचे नाव आणि तारीख लिहून केबिनमधील फाइलमध्ये ठेवावे. रंगकाम, वॉटरप्रूफिंग किंवा मोठे वादळ झाले की एका माणसाने शिडीवर उभे राहावे, दुसऱ्याने पडद्यासमोर फाइल उघडून बसावे, आणि खांबाची कड छापील चित्रात जेथे होती तेथे येईपर्यंत कॅमेरा फिरवावा.